वलंदेज हे नाव कोणाचे?

मराठेशाहीच्या कागदपत्रांत ज्या परकीयांचा 'टोपीकर' म्हणून उल्लेख येतो, त्यांच्या यादीत फिरंगी, इंग्रज, फरासीस आणि डिंगमार यांच्या जोडीला 'वलंदेज' हे एक नाव हमखास आढळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही ते आहे. शाळेत असताना वलंदेज म्हणजे डच एवढे आम्हांस सांगण्यात आले आणि आम्ही ते पाठ केले. परंतु नकाशा उघडावा तर त्यात 'डच' नावाचा देशच नाही. तेथे नेदरलँड्स असे छापलेले. त्याच देशाला वडीलधारी माणसे हॉलंड म्हणत. एक लहानसा देश, त्यातील एक लोकसमूह आणि त्याला इतकी नावे! त्यातही गंमत अशी की, वलंदेज आणि डच ही दोन्ही नावे ते लोक स्वतःला कधीच लावीत नाहीत.

आम्हां कॅथलिकांच्या कानाला या नावाची एक वेगळीही आठवण आहे, आणि ती गोड नाही. १६६३ साली वलंदेजांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतली. तेथील युरोपीय धर्मगुरूंना निघून जाण्याचा हुकूम झाला, बहुतेक देवळे पाडली गेली, सांताक्रूझ कॅथीड्रलचे गोदाम झाले आणि ज्या संत फ्रान्सिसच्या देवळात एके काळी वास्को द गामाला पुरले होते, ते प्रॉटेस्टंट उपासनेसाठी वापरात आले. सिलोनमध्ये त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली. म्हणून बाणावलीच्या जोसेफ वाझ यांना १६८७ साली मजुराच्या वेषात त्या बेटावर उतरावे लागले. हा इतिहास खराच आहे. तथापि ज्या नावाने आपण तो सांगतो, ते नाव आपल्याकडे कोणाच्या तोंडून आले, याचा शोध घेतल्यास त्या कडू आठवणीकडेही जरा निराळ्या दृष्टीने पाहावे लागते, असे आम्हांस वाटते.

'वलंदेज' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. हॉलंडच्या माणसाला पोर्तुगीज 'ओलांदेस' म्हणत. शब्दाच्या आरंभीचा 'ओ' आपल्या गावाकडच्या जिभेवर टिकत नाही. ओझ्याचे वझे होते, ओढ्याचा वढा होतो, ओळखीची वळख होते. त्याच रीतीने ओलांदेसाचा वलंदेज झाला. इंग्रज हा शब्दही पोर्तुगीज 'इंग्लेस'पासून आलेला, आणि डेन्मार्कचा डिंगमार त्यांच्याच 'दिनामार्का'वरून. पाव, बटाटा आणि पाद्री ज्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागले, त्याच गलबतांतून युरोपातील इतर राष्ट्रांची नावेही उतरली. पोर्तुगीज येथे आधी आले होते. मागून येणाऱ्यांची ओळख त्यांनीच करून दिली, आणि ती शत्रू म्हणून करून दिली.

शत्रुत्वाचे कारण युरोपातले. १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजाकडे होते. डच प्रांतांनी त्याच राजाविरुद्ध बंड पुकारले होते. साहजिकच राजाच्या पोर्तुगीज वसाहती त्यांच्या तोफांच्या टप्प्यात आल्या. १६०२ साली डचांनी आपली ईस्ट इंडिया कंपनी उभारली आणि पुढे मलाक्का, कोलंबो, कोची ही ठाणी एकेक करून घेतली. आदिलशाहीची परवानगी मिळवून १६३७ साली त्यांनी वेंगुर्ल्यास वखार घातली, तीही बऱ्याच अंशी शेजारच्या गोव्यावर नजर ठेवता यावी म्हणून. वेंगुर्ल्यात त्या वखारीचे पडके अवशेष आजही उभे आहेत. तेव्हा 'वलंदेज' या शब्दाबरोबर आपल्याकडे दुसऱ्याचे भांडणही वस्तीला आले. पुढे आपल्या लोकांनी त्या भांडणाचे घाव प्रत्यक्ष सोसले हे खरे, पण त्याचा आरंभ आपला नव्हता.

हा प्रकार आपल्याकडेच घडला असे नाही. मलाय भाषेत डचांना 'बलांदा' म्हणतात, जपानीत 'ओरांदा'. दोन्हींच्या मुळाशी तोच पोर्तुगीज शब्द. जपानची गोष्ट तर विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. तेथील राज्यकर्त्यांनी १६३९ साली पोर्तुगीजांना देशाबाहेर घालवले आणि १६४१ पासून नागासाकीजवळच्या देजिमा या बेटावर युरोपियनांपैकी फक्त डचांना राहू दिले. त्यांच्या ग्रंथांतून जपानी विद्वान वैद्यक आणि खगोलशास्त्र शिकले. त्या विद्येला त्यांनी नाव दिले 'रान्गाकु', म्हणजे 'ओरांदा'तल्या 'रान'ची विद्या. पोर्तुगीज गेले, पण त्यांनी शत्रूला दिलेले नाव मागे राहिले आणि दोन शतके आदराने उच्चारले गेले.

आता 'हॉलंड'कडे वळू. हा मुळात एका प्रांताचा शब्द. देशाचा बराच भाग सखल, म्हणून 'हॉलंड' म्हणजे पोकळ किंवा खोलगट भूमी, असा अर्थ पुष्कळदा सांगितला जातो. तो ऐकायला पटतो, पण खरा नाही. जुना शब्द 'होल्टलांट' असा आहे. 'होल्ट' म्हणजे लाकूड, झाडी. रानाचा मुलूख हा त्याचा अर्थ. आज त्या प्रदेशात कालवे, कुरणे आणि ट्यूलिपची शेते दिसतात, रान फारसे दिसत नाही. ते केवळ नावात उरले आहे. ११०१ सालच्या एका सनदेत तेथील सरदाराला 'हॉलंडचा काउंट' अशी पदवी आढळते. पुढे अ‍ॅम्स्टरडॅमची भरभराट झाली, जहाजे आणि पैसा याच प्रांताकडे आला, आणि परदेशी बंदरांत उतरणारा प्रत्येक डच मनुष्य तेथल्या लोकांच्या लेखी हॉलंडचाच ठरला. १८४० साली या प्रांताचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. आज देशात बारा प्रांत आहेत आणि त्यांपैकी दोनच हॉलंड हे नाव लावतात. दक्षिणेकडील ब्राबांट आणि लिम्बुर्ग या परंपरेने कॅथलिक असलेल्या प्रांतांतील माणसाला 'हॉलंडर' म्हटलेले मुळीच रुचत नाही. वसईच्या माणसाला मुंबईत कोणी सरसकट 'गोवेकर' म्हटले की त्याच्या कपाळावर जी आठी पडते, तीच ही आठी. सरकारनेही २०२० च्या जानेवारीपासून परदेशातील प्रसिद्धीत 'हॉलंड' हे नाव वापरणे सोडून दिले आहे.

परंतु या सर्व नावांत आम्हांला सर्वाधिक मोह पडला तो 'डच' या शब्दाचा. तो इंग्रजांकडून आपल्याकडे आला खरा, पण त्याचा माग काढत गेल्यास आपण एका धर्मसभेत जाऊन पोहोचतो.

जर्मानिक भाषांत 'थेउदा' असा एक प्राचीन शब्द होता. त्याचा अर्थ लोक, जनसमूह. त्यापासून 'लोकांची' या अर्थी विशेषण झाले, आणि त्याला लॅटिन पेहराव चढवून धर्मगुरूंनी 'थेओदिस्कुस' असा शब्द बनविला. तो लिखित स्वरूपात प्रथम भेटतो इ. स. ७८६ मध्ये. पोप पहिले हेड्रियन यांनी आपले प्रतिनिधी म्हणून ओस्तियाचे बिशप जॉर्ज यांना इंग्लंडला पाठविले होते. तेथे भरलेल्या धर्मसभांचा वृत्तान्त त्यांनी पोपमहोदयांना पत्राने कळविला. त्यात एके ठिकाणी ते सांगतात की, सभेचे ठराव सर्वांना समजावेत म्हणून लॅटिनमध्ये आणि लोकांच्या भाषेत, अशा दोन्ही भाषांत वाचून दाखविण्यात आले. ही लोकांची भाषा म्हणजे त्या काळची इंग्रजी! ज्या शब्दाचा आज 'डच' झाला आहे, तो आपल्या पहिल्या ज्ञात दर्शनात इंग्रजांच्या बोलीला लावलेला होता.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, ८१३ साली, फ्रान्समधील तूर येथे धर्मसभा भरली. सम्राट शार्लमेन याचा तो काळ. त्याच्या राज्यात अनेक बोली बोलल्या जात. देवळातले प्रवचन मात्र लॅटिन, आणि समोरच्या भाविकांना त्यातले काही कळत नसे. तूरच्या सभेने असा नियम केला की, बिशपांनी आपली प्रवचने गावठी रोमन भाषेत किंवा 'थिओतिस्का' भाषेत उतरवून सांगावीत, म्हणजे सर्वांना ती सहज समजतील. 'गावठी रोमन'मधून पुढे फ्रेंच भाषा आकाराला आली. 'थिओतिस्का' म्हणजे त्या राज्यातील जर्मानिक बोली. या दोन भाषा वेगळ्या आहेत आणि दोन्हींतून प्रभूचे वचन सांगता येते, हे ख्रिस्तसभेने तेव्हा मान्य केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली, तो बदल आपल्यापैकी ज्येष्ठांनी स्वतः अनुभवला आहे. वेदीवरून प्रथमच मायबोली ऐकताना काय वाटते, हे त्यांना सांगावयास नको.

म्हणजे 'डच' हे मुळात कोणत्याही वंशाचे किंवा राज्याचे नाव नाही. पंडितांची लॅटिन एका बाजूला आणि बाजारातल्या, शेतावरच्या माणसांची बोली दुसऱ्या बाजूला. त्या दुसऱ्या बाजूचे हे नाव. आपल्याकडे संस्कृतच्या समोर 'प्राकृत' हा शब्द जसा उभा राहिला, तसाच. सखल प्रदेशात त्याचे रूप 'डीट्स' असे झाले, आणि त्या 'डीट्स'मध्ये श्रेष्ठ अध्यात्मवाङ्मय निर्माण झाले. ब्रुसेल्सजवळच्या ग्रुनेंडाल अरण्यात राहून यान व्हान रूसब्रुक या धर्मगुरूंनी ईश्वराशी जिवाच्या ऐक्याविषयी जे ग्रंथ लिहिले, ते लॅटिनमध्ये लिहिण्याची विद्या अंगी असूनही लोकभाषेत लिहिले. त्यांचा जन्म १२९३ चा. ज्ञानेश्वरी त्यापूर्वी तीनच वर्षे, १२९० साली सिद्ध झाली होती. दोघांना एकमेकांची वार्ता असणे शक्यच नव्हते, तरी हा योगायोग आम्हांला फार हृद्य वाटतो. १९०८ साली रूसब्रुक यांना ख्रिस्तसभेने धन्यवादित घोषित केले. आमच्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ सालचे. तेही त्याच वाटेवरचे.

त्याच 'थेउदा'ची एक आठवण आपल्या धर्मग्रामांतही फिरते आहे. 'थेओदोरिक' म्हणजे लोकांचा अधिपती हे जुने नाव. सखल प्रदेशात त्याचे 'डिडरिक' झाले आणि तेथून इंग्लंडला जाऊन 'डेरिक'. आपल्या शेजारीपाजारी डेरिक नावाचा एखादा मुलगा असतोच. (थिओडोर हे नाव निराळे. ते ग्रीक, आणि त्याचा अर्थ देवाचे दान.)

मग सर्व जर्मानिक बोलींचे हे नाव एकट्या सखल प्रदेशाला कसे चिकटले? ते इंग्रजांचे कर्तृत्व. पूर्वी इंग्रज मनुष्य जर्मनीपासून उत्तर समुद्रापर्यंतच्या सगळ्यांनाच डच म्हणे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मनांना आजही 'पेनसिल्व्हेनिया डच' म्हणतात, ती याच जुन्या वापराची खूण. सतराव्या शतकात इंग्रजांचा व्यापार आणि त्यांच्या लढाया प्रामुख्याने समोरच्या किनाऱ्यावरील लोकांशी होऊ लागल्या, आणि नाव आकसत त्यांच्यापुरते उरले. इकडे जर्मनांनी तोच शब्द 'डॉइच' या रूपात स्वतःसाठी ठेवला. डच लोक मात्र 'डौट्स' म्हणतात ते शेजारच्या जर्मनांना! त्यांच्या राष्ट्रगीताच्या पहिल्या कडव्यात हा शब्द देशाचा नायक विल्यम याच्या संदर्भात आला आहे. गीत सोळाव्या शतकातले, तेव्हा त्याचा अर्थ व्यापक होता. आज तो ऐकून नवखा माणूस बुचकळ्यात पडतो.

स्वतःसाठी त्यांनी 'नेडरलांट' हे साधेसुधे नाव पत्करले. त्याचा अर्थ खालचा मुलूख, आणि आज त्या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे. बर्गंडीच्या सरदारांकडे आणि त्यांच्यामागून सम्राट पाचवा चार्ल्स याच्याकडे तेथील अनेक लहान राज्ये एकेक करून आली. १५४९ साली त्याने अशा सतरा प्रांतांचा वारसा एकत्र बांधला. पण सगळ्यांना मिळून नाव काय द्यावे हा प्रश्नच होता. दरबारी फ्रेंचमध्ये 'इकडचे मुलूख' असे म्हणून वेळ निभावली जाई. अनेकवचनी 'सखल मुलूख' हे नाव अशा अडचणीतून रुजले. राज्याच्या अधिकृत नावात ते अजूनही अनेकवचनी आहे. घरगुती बोलण्यात मात्र एकवचनी. लॅटिन लिहिणाऱ्यांनी सीझरच्या ग्रंथातून 'बेल्जिका' हे नाव उचलले आणि ते साऱ्या सतरा प्रांतांना लावले. त्या प्रांतांचा सिंहाच्या आकाराचा जो प्रसिद्ध नकाशा १५८३ साली निघाला, तो 'बेल्जिक सिंह' म्हणून ओळखला जातो आणि त्या सिंहाच्या अंगावर अ‍ॅम्स्टरडॅमही आहे. १८३० साली दक्षिणेचा भाग स्वतंत्र झाला आणि हे नाव त्याने स्वतःकडे ठेवले. रोमन काळातील 'बटावी' जमातीवरून काढलेले 'बटाव्हिया' हे आणखी एक नाव. ते जाव्हात १६१९ साली वसविलेल्या शहराला मिळाले आणि १९४२ मध्ये त्या शहराचे जाकार्ता झाले.

एक नाव मात्र शिवीतून जन्मले. ५ एप्रिल १५६६ रोजी काही सरदार धर्मन्यायालयाची कठोरता कमी करावी असा अर्ज घेऊन ब्रुसेल्सला राज्यकारभार पाहणाऱ्या पार्माच्या मार्गारेटकडे गेले. तेव्हा तिच्या एका सल्लागाराने त्यांना 'भिकारी' म्हणून हिणवले. सरदारांनी तोच शब्द बिरुद म्हणून मिरवला. त्यांच्या भाषेत 'घ्युझेन'. त्या चळवळीत प्रॉटेस्टंट होते तसे कॅथलिकही होते. राजाच्या जुलुमाला विरोध केल्याबद्दल १५६८ साली ब्रुसेल्सला ज्यांचा शिरच्छेद झाला, ते एग्मोंट आणि होर्न हे दोन सरदार कॅथलिकच. परंतु चारच वर्षांनी त्या नावावर रक्ताचा डाग पडला. समुद्रावरच्या 'भिकाऱ्यां'नी ९ जुलै १५७२ रोजी ब्रिएले येथे एकोणीस कॅथलिक धर्मगुरू आणि संन्यासी यांना फासावर दिले. त्यांना आपण गोर्कमचे हुतात्मे म्हणतो. १८६७ साली ते संतपदास पोहोचले.

तेव्हापासून 'डच म्हणजे प्रॉटेस्टंट' असे समीकरण जगभर झाले, आणि ज्यांच्यावर ते अन्यायकारक होते ते लोक डचच होते. प्रजासत्ताकात कॅथलिकांना उघड उपासना मना होती. ते घरांच्या माळ्यांवर, कोठारांत मिस्सा साजरी करीत. बाहेरून देवळाची खूण दिसता कामा नये. अ‍ॅम्स्टरडॅमच्या कालव्याकाठी एका व्यापाऱ्याने आपल्या घराच्या माळ्यावर बांधलेले असे देऊळ आज संग्रहालय म्हणून पाहावयास मिळते. ते पुरे झाले १६६३ साली. ज्या वर्षी वलंदेजांनी कोचीची देवळे पाडली, त्याच वर्षी वलंदेजांनीच अ‍ॅम्स्टरडॅममध्ये जिने चढून जाऊन चोरून मिस्सा ऐकली! पोर्तुगीजांनी आपल्याला दिलेल्या शब्दात या दुसऱ्या वलंदेजांना जागा नव्हती. तेथे बिशपांची रीतसर व्यवस्था पुन्हा सुरू व्हावयास १८५३ साल उजाडले.

१५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत पीटरच्या चौकात दहा जणांना संतपद दिले. त्यांत टायटस ब्रँड्स्मा हे कार्मेलाइट धर्मगुरू होते. नाझींना विरोध केल्यामुळे १९४२ साली डाखाउच्या छळछावणीत त्यांना ठार मारण्यात आले. वृत्तपत्रांनी त्यांना 'डच संत' म्हटले, आणि ते योग्यच. तथापि ते फ्रिजियन. संत विलिब्रॉर्ड यांनी सातव्या शतकाच्या अखेरीस ज्या लोकांत शुभवर्तमान नेले, त्या लोकांतले. त्यांची मातृभाषाही डच नव्हे. फ्रिजियनसाठी त्यांनी आयुष्यभर परिश्रम घेतले.

त्याच चौकात, त्याच दिवशी, आपले देवसहायम हेही संत झाले. त्रावणकोरच्या राजसेवेतील या गृहस्थांना ख्रिस्ताची ओळख करून दिली ती एका 'डच' कप्तानाने. कुळच्चलच्या लढाईत १७४१ साली त्रावणकोरच्या सैन्याने डच कंपनीचा पराभव केला आणि युस्टॅशियस दे लानॉय हा अधिकारी मार्तंड वर्मा यांच्या हाती लागला. पुढे तो त्याच राजाच्या सैन्याचा शिक्षक झाला. कंपनी प्रॉटेस्टंटांची, पण हा कॅथलिक. जन्म आरास शहरातला. ते शहर एके काळी त्या सतरा प्रांतांपैकी आर्त्वा प्रांतात होते, पण १६५९ च्या तहाने फ्रान्सकडे गेले होते. त्याच्याशी झालेल्या बोलण्यातून देवसहायम यांनी १७४५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १७५२ साली ते हुतात्मा झाले. कप्तान १७७७ साली वारला. उदयगिरीच्या किल्ल्यात त्याची कबर आहे.

या माणसाला काय म्हणावे? इंग्रज त्याला डच म्हणत, जन्मगावावरून तो फ्रेंच ठरेल, आणि मराठीत आपण त्याला वलंदेजच म्हटले असते. त्रावणकोरच्या लोकांनी त्याला 'वलिय कप्पित्तान' म्हटले, म्हणजे मोठा कप्तान. त्यातला 'कप्पित्तान' हा शब्दही पोर्तुगीजच.